जुन्या बोलेरो पिकअपसाठी ब्रेक आणि शॉकअप कोणते निवडावेत?

प्रश्न – जुन्नरकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१२ सालची महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. समोर डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अशी तिची रचना असून मी ती दुसऱ्याच्या हातून घेतलेली आहे, त्यामुळे आधीच्या मालकाने कोणते सुटे भाग बसवले याची माहिती माझ्याकडे नाही. हंगामात टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो आणि कल्याणला भाव बरा असेल तेव्हा माळशेज घाट उतरून तिकडे नेतो. अशा वेळी हौद्यात साठ-पासष्ट क्रेट असतात.

घाटाच्या माथ्यावर ब्रेक उत्तम लागतात. निम्मा घाट उतरून झाला की पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागते, मात्र लागोपाठ दोनदा दाबले की ते पुन्हा वर येते आणि घट्ट लागते. पायथ्याला गाडी थोडा वेळ उभी राहिली की सर्व पूर्ववत होते. जोरात ब्रेक दाबला तर गाडी किंचित उजवीकडे ओढते. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट काळा थर दिसतो. मागचा एक शॉकअप (उसळी मारणारा शॉक ॲब्सॉर्बर) तर उघडपणे गळतो आहे, आणि रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून इतकी उडते की वळणावर मागची बाजू सरकल्याची भावना होते.

तीन ठिकाणी दाखवले आणि तीन वेगळी मते मिळाली. पहिल्याने केवळ पुढचे पॅड (डिस्कला घासणारे घर्षणाचे तुकडे) बदलण्यास सांगितले. दुसऱ्याच्या मते मागेही डिस्क बसवून घेतल्याशिवाय घाटात भरवसा नाही. तिसरा म्हणतो की मागे एक पाटा वाढवावा आणि जाड, कडक शॉकअप टाकावेत, म्हणजे ब्रेकचाही त्रास कमी होईल. पुढील महिन्यात गाडीचे पासिंग (फिटनेस तपासणी) आहे. कंपनीचेच भाग घ्यावेत की बाहेरचे चांगल्या नावाचे चालतील, आणि खर्चाचा क्रम कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

उत्तर १ – चाकणचा फिटर

जुन्नरकर दादा, कोणत्या कंपनीचे पॅड घ्यावेत हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून दोष मागच्या ब्रेकमध्ये आहे असे दिसते, आणि तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी एकातही मागचे ड्रम उघडून पाहण्याचा उल्लेख नाही.

डाव्या चाकाच्या आत तेलकट थर आहे आणि गाडी उजवीकडे ओढते, याचा सरळ अर्थ असा की डावीकडचे लायनर (ड्रमला आतून घासणारा घर्षणाचा थर) तेलाने भिजले असून ते चाक कमी धरते. आता ते तेल कोणते, हे ठरवायला हवे. एक्सलच्या नळीतून ऑइल सील (तेल अडवणारी कडी) ओलांडून येणारे गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. व्हील सिलिंडरचे (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या नळकांड्याचे) रबर गेल्याने येणारे ब्रेक ऑइल पातळ असते आणि त्या वेळी बाटलीतील पातळीही हळूहळू खाली जाते. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. सील बदलताना हबचे बेअरिंग हलते का हे पाहून घ्यावे, कारण बेअरिंग सैल असेल तर नवे सील फार काळ टिकत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातही अनेकजण विसरतात. मागच्या एक्सलवर हवा बाहेर पडण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. शेताच्या चिखलाने तो बुजला की गरम झालेल्या एक्सलमधील हवेचा दाब वाढतो आणि तेल सीलवाटे बाहेर ढकलले जाते. मग गिऱ्हाईक दर वर्षी सील बदलत राहते आणि सील बनवणाऱ्याला दोष देते.

तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवू नयेत. तेल आतपर्यंत मुरलेले असते आणि पहिल्या उताराला लायनर तापले की ते पुन्हा वर येते. एका बाजूचे लायनर बदलायचे असले तरी दोन्ही बाजूंचे बदलावेत, नाहीतर ओढ कायम राहते.

आता पेडल खोल जाण्याबद्दल. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, म्हणजेच तो लायनरपासून दूर जातो, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी पेडलला जास्त चाल लागते. डिस्कमध्ये असे होत नाही, कारण ती तापून फुगली तर पॅडच्याच दिशेने फुगते. तुमच्या गाडीत दोनदा दाबल्यावर पेडल घट्ट लागते, यावरून मागचे अंतर मुळातच जास्त असावे असा माझा अंदाज आहे. ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधील अंतर जुळवणारा भाग) गंजून जाम झालेला असणे, ड्रम अनेकदा लेथवर घासून मोठा झालेला असणे किंवा दोन्ही, अशी ती शक्यता आहे. ड्रमच्या कडेला किंवा पाठीवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतीव अक्षरांत असतो. तो आकडा ओलांडला असेल तर ड्रम टर्निंगला देऊ नका, नवाच घ्या. मर्यादेच्या पलीकडे घासलेला ड्रम पातळ असतो, लवकर तापतो, आणि नव्या लायनरची गोलाई त्याच्या गोलाईशी जुळत नसल्याने लायनर फक्त मधोमध टेकते. पुढच्या डिस्कवरही किमान जाडीचा आकडा असतो, तोही मोजून घ्यावा.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. आधी काय बसवले होते ते तुम्हालाच माहीत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसून घेतली म्हणजे झाले.

---

उत्तर २ – वळणवाट

फिटर साहेबांच्या निदानाशी मी सहमत आहे. मी वाहन उद्योगात ब्रेकच्या चाचण्यांचे काम केले आहे, म्हणून त्यात साहित्याच्या निवडीपुरती भर घालतो.

घाट उतरताना ब्रेकला किती काम पडते याचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. समजा, भरलेल्या गाडीचे एकूण वजन तीन टन आहे आणि ती उभ्या मापाने पाचशे मीटर खाली उतरली. या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १४.७ मेगाज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत साधारण चव्वेचाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत तापेल. यातला काही भाग हवेचा रोध आणि टायरचे घर्षण घेते, बराच भाग इंजिन घेऊ शकते, आणि उरलेला सर्व दोन डिस्क व दोन ड्रम यांना घ्यावा लागतो. मागची दोन चाके नीट धरत नसतील तर तो पुढच्या दोन डिस्कवरच येतो.

घाटातील ब्रेक कमी होण्याचे तीन प्रकार आहेत आणि पायाला ते वेगवेगळे जाणवतात. पेडल खोल जाते पण पुन्हा दाबल्यावर घट्ट होते, हा अंतर वाढल्याचा प्रकार वर आलाच आहे. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ, दबका लागतो आणि पुन्हा पुन्हा दाबूनही पूर्ण घट्टपणा येत नाही. अशा वेळी ब्रेक ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते, किंवा आधीपासून हवा शिरलेली असते. तिसऱ्या प्रकारात पेडल उंच आणि कडक असते, मात्र गाडी थांबत नाही. तेथे पॅडचे घर्षणच तापून घसरलेले असते. तुमच्या वर्णनात पहिला प्रकार स्पष्ट आहे, परंतु दुसरा त्यात मिसळलेला नाही असे घरबसल्या म्हणता येणार नाही, कारण थोडी वाफ झाली असेल तर दोन-तीन वेळा दाबून तीही काही काळ झाकली जाते.

म्हणून ब्रेक ऑइल संपूर्ण बदला. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुने होईल तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ऑइलसाठी कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश आणि ओलावा शोषल्यानंतर किमान १४० अंश सेल्सिअस अशी अट आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. दोन्ही एकाच रासायनिक कुळातील असल्याने डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते यांत कधीही मिसळू नये. डॉट ५.१ हे नाव सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. सीलबंद छोटी बाटली घ्या. गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडी राहिलेली बाटली फुकट मिळाली तरी नको. ऑइल बदलतानाच चाकांकडे जाणारे रबरी होज पाहा, कारण एवढ्या वर्षांनी ते आतून फुगतात आणि दाबाखाली ताणले जातात. ते भेगाळले असतील तर ब्रेकच्या संपूर्ण कामात तो खर्च किरकोळ आहे.

आता पॅडविषयी. बऱ्याच पॅडच्या आणि लायनरच्या कडेवर छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणाचा गट दाखवते, दुसरे जास्त तापल्यानंतरचा. ई म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. भरलेल्या पिकअपसाठी दोन्ही अक्षरे एफ असलेला पॅड समाधानकारक मानता येईल. पहिले अक्षर एफ आणि दुसरे ई असेल तर तो पॅड गावात छान वाटेल आणि घाटात मंदावेल. अर्थात ही अक्षरे फक्त घर्षण सांगतात. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल किंवा वाजेल की नाही यांविषयी ती काहीच सांगत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये.

पुढचे पॅड फार ‘जोरदार’ घेण्याचा मोह टाळावा, असे मी विशेष आग्रहाने सांगेन. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी गाडी बनवणाऱ्याने मूळ घर्षणाच्या हिशेबाने केलेली असते. पुढे जास्त घर्षणाचे पॅड आणि मागे कसेबसे धरणारे लायनर ठेवले, तर पहिल्या पावसात रिकाम्या गाडीची पुढची चाके लॉक होऊन स्टिअरिंगचा ताबा सुटू शकतो.

---

उत्तर ३ – काउंटरवरून

माझे सुट्या भागांचे दुकान आहे, तेव्हा माझा स्वार्थ लक्षात ठेवूनच वाचावे.

या गाडीच्या बाबतीत काउंटरवर ‘बोलेरो पिकअपचे पॅड द्या’ एवढे सांगू नका. वर्षांगणिक आणि मॉडेलांगणिक पुढची रचना, ड्रमचे माप आणि शॉकअपची टोके बदललेली आहेत. चेसिस नंबर द्या, किंवा जुना भाग सोबत आणा. जुना भागही आधीच्या मालकाने चुकीचा बसवलेला असू शकतो, म्हणून चेसिस नंबर अधिक विश्वासाचा.

कंपनीचे की बाहेरचे, याचे माझे उत्तर असे की ज्या कारखान्यांतून वाहन कंपन्यांना माल जातो त्यांपैकी अनेक कारखाने तोच प्रकार स्वतःच्या नावाने बाजारात विकतात. शॉकअपमध्ये गॅब्रिएल हे नाव आपल्याकडे इतके रुळले आहे की जुने चालक कोणत्याही शॉकअपला गॅब्रिएलच म्हणतात. ही कंपनी १९६१ साली मुलुंडला सुरू झाली आणि आज तिचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. ब्रेकमध्ये ब्रेक्स इंडियाचे टीव्हीएस गर्लिंग, राणे आणि बॉश ही नावे सहज मिळतात. यांपैकी कोणतेही घेतले तरी काम होईल, मात्र एका एक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा, एकाच प्रकारचा माल असावा.

खरी अडचण नकली मालाची आहे. खोक्यावरील छपाई फिकट असणे, उत्पादनाचा महिना आणि किंमत यांचे लेबल वाकडेतिकडे चिकटवलेले असणे, होलोग्राम नखाने सहज निघणे, ही लक्षणे दिसली की माल परत करावा. जीएसटीचे पक्के बिल मागितल्यावर दुकानदाराचा भाव अचानक वाढत असेल तर त्यातून काय ते समजून घ्यावे. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा) यांच्या बाबतीत मी स्वतः रबराचे किट बसवून काम भागवण्याच्या विरोधात आहे. आतला बोअर गंजून खड्डे पडलेला असेल तर नवे रबर काही महिन्यांतच फाटते. पूर्ण सिलिंडर घ्यावा. यात माझी विक्री जास्त होते हे खरे आहे, तरीही माझे मत तेच.

---

जुन्नरकर

सर्वांचे आभार. आज डावा ड्रम उघडून घेतला. लायनर पूर्ण भिजलेले होते, तेल घट्ट होते आणि त्याला फिटर साहेबांनी सांगितलेला उग्र वास होता. ब्रीदर चिखलाने बुजलेला सापडला. ड्रमवरील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष व्यास जास्त भरला, म्हणून दोन्ही ड्रम नवे घेत आहे. ॲडजस्टरही जाम होता.

शॉकअपचा प्रश्न शिल्लक आहे. पाटा वाढवून कडक शॉकअप टाकण्याच्या सल्ल्याबद्दल काय वाटते? आमच्याकडे बहुतेक पिकअपना एक-दोन पाटे वाढवलेलेच आहेत. आणि मागच्या डिस्कचा विचार पूर्ण सोडून द्यावा का?

---

उत्तर ४ – पाटे-कमानी

मी पाट्यांच्या कामात आयुष्य काढले आहे, तेव्हा या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

वजन पाटे उचलतात, शॉकअप उचलत नाहीत. पाटा दबून परत उसळतो तेव्हा त्याची उसळी मारणे एवढेच शॉकअपचे काम आहे. गाडी भरल्यावर मागून फार बसत असेल तर त्यावर कडक शॉकअप हा उपाय नाही, आणि रिकामी गाडी उडत असेल तर त्यावर जादा पाटा हा उपाय नाही. उलट जादा पाट्याने रिकामी गाडी आणखी उडेल, कारण कमी वजनाखाली ताठ पाटा दबतच नाही. तुमची तक्रार रिकाम्या गाडीची आहे, एक शॉकअप उघड गळतो आहे, त्यामुळे आधी दोन्ही मागचे शॉकअप बदला आणि मग गाडी कशी चालते ते पाहा. खड्ड्यांवरून जाताना चाक हवेत राहिले तर ब्रेक कितीही नवे असोत, त्या क्षणी ते चाक काहीच थांबवत नाही. तुम्हाला वळणावर मागची बाजू सरकल्यासारखी वाटते, त्याचे कारण बहुधा हेच आहे. टायरवर हात फिरवून पाहा. ठरावीक अंतरावर खोलगट झीज लागली तर शॉकअप केव्हाच निकामी झाले आहेत असे समजा.

पाटा वाढवण्याला माझा सरसकट विरोध नाही, माझे पोट त्यावर चालते. परंतु तुमच्या गाडीच्या मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे का, हे आधी पाहा. हौद्यात वजन वाढले की मागची बाजू बसते, दांडी हलते आणि तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. पाटा वाढवला किंवा कमान चढवून मागची बाजू उंच केली की वजन असूनही गाडी बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. परिणामी घाटात सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतो. तुमच्या परिसरातील ज्या गाड्यांचे पाटे वाढवले आहेत, त्यांपैकी किती जणांनी ती दांडी नव्याने जुळवून घेतली याची चौकशी करावी. कित्येक गाड्यांत ती तारेने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे.

आता शॉकअप निवडताना काय पाहावे. पहिली गोष्ट लांबी. पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली अशी दोन मापे मूळ भागाशी जुळली पाहिजेत. मिटलेली लांबी जास्त असेल तर भरलेल्या गाडीत शॉकअप आतून ठोकून फुटेल. उघडलेली लांबी कमी असेल तर चाक खाली लोंबताना तोच साखळीसारखा ताणला जाईल आणि डोळा तुटेल. तुमच्या गाडीचे पाटे मागच्या मालकाने वाढवले किंवा ठोकून घेतले असतील तर मूळ लांबीचा शॉकअपही चुकीचा ठरू शकतो, म्हणून एका बाजूचे पाटे मोजा आणि त्यांची संख्या कंपनीच्या संख्येशी ताडून पाहा. दुसरी गोष्ट, टोकाला डोळा आहे की पिन, आणि बुशचे (डोळ्यातील रबराचे) माप किती.

साधे तेलाचे घ्यावेत की गॅसचे, असे लोक विचारतात. खराब रस्त्यावर शॉकअप भराभर हलला की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि दाब ढिला पडतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये हा फेस कमी होतो. तुमच्या कामाला तसा घेतला तर उत्तम, परंतु त्याने गाडीची भार उचलण्याची क्षमता वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. एक नळीचा, जास्त दाबाचा महाग शॉकअप शर्यतीच्या किंवा डोंगरात हिंडण्याच्या गाड्यांना शोभतो. टोमॅटोच्या गाडीवर तो वाया जातो, आणि उडालेल्या दगडाने त्याच्या नळीला पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो.

बसवताना शॉकअप उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे आडवा ठेवल्यामुळे आत शिरलेली हवा वर जाते. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर उभी राहिल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. याच वेळी यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुशही पाहून घ्या.

पुढचे शॉकअप गळत नसतील आणि टायर सारखे झिजत असतील तर त्यांना या खेपेस हात लावू नका.

---

उत्तर ५ – वळणवाट

मागच्या डिस्कबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे. मास्टर सिलिंडरचे माप, पुढे-मागे दाबाची वाटणी, हँडब्रेकची केबल आणि चाकाचा हब हे सर्व ड्रम धरून आखलेले आहे. दुसऱ्या गाडीचे भाग जुळवून केलेली डिस्क एखाद्याच्या गाडीत चांगली चाललीही असेल, परंतु वाटणी योग्य झाली की नाही हे मोजण्याचे साधन गॅरेजमध्ये नसते. शिवाय ड्रममधील पुढचा शू (ज्यावर लायनर बसते तो भाग) फिरत्या ड्रमच्या ओढीने स्वतःहून अधिक दाबला जातो, त्यामुळे कमी दाबातही ड्रम चांगला धरतो. भरलेल्या गाडीच्या हँडब्रेकसाठी हा गुण फार उपयोगाचा आहे. सुस्थितीतील ड्रम तुमच्या कामाला पुरेसा आहे. तुमचा ड्रम आजवर सुस्थितीत नव्हता, इतकेच.

---

उत्तर ६ – घाटचालक

सर्व यांत्रिक सल्ला उत्तम आहे, मात्र वजनाबद्दल कोणी बोलले नाही. एका क्रेटमध्ये वीस किलो धरले तरी पासष्ट क्रेटचे तेराशे किलो होतात. रिकाम्या क्रेटचे वजन आणि सोबत बसणारी माणसे वेगळी. आरसी पुस्तकावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन छापलेले असते. त्यांची वजाबाकी करून पाहा आणि क्रेट त्या हिशेबाने भरा. पाटा वाढवल्याने तो आकडा वाढत नाही, ना कागदावर ना ब्रेकमध्ये.

दुसरे असे की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि गिअर माथ्यावरच टाकावा. निम्म्या उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. पाय ब्रेकवर सतत ठेवून गाडी घासत आणण्यापेक्षा वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या काळात ड्रम आणि डिस्क निवतात. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारे लोक अजूनही दिसतात. अनेक डिझेल गाड्यांत बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारी व्हॅक्यूम तयार करणारा पंप अल्टरनेटरवर बसवलेला असतो, म्हणजे इंजिन बंद झाले की तो थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा पेडल सहज दबते, त्यानंतर ते दगडासारखे होते.

पावसाळ्यात माळशेजला धबधब्यांचे पाणी रस्त्यावर येते. ड्रम भिजल्यावर पहिले एक-दोन ब्रेक कमी लागतात. पाणी ओलांडल्यावर मोकळ्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबून लायनर सुकवून घ्यावेत.

---

जुन्नरकर

वजाबाकी केली. मी नेहमीच मर्यादेपेक्षा जास्त भरत होतो, क्रेट कमी करीन. मागचे पाटे मोजले, एक वाढवलेला आहे, आणि व्हॉल्व्हची दांडी खरोखरच तारेने बांधलेली निघाली.

खर्चाचा क्रम असा ठरवला आहे: दोन्ही बाजूंची ऑइल सील, ब्रीदर, ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर आणि ॲडजस्टर आधी. त्याच दिवशी डॉट ४ ऑइल आणि होज. पुढच्या डिस्कची जाडी मर्यादेत आहे, म्हणून फक्त पॅड. मागचे दोन शॉकअप गॅसचे. जादा पाटा काढावा की ठेवावा, आणि पासिंगच्या किती आधी हे काम करावे?

---

उत्तर ७ – चाकणचा फिटर

क्रेट कमी करणारच आहात तर पाटा काढा आणि दांडी मूळ जागी, कंपनीच्या मापावर जुळवून घ्या. पाटा काढल्यावर यू-बोल्ट नवे वापरा. एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा नीट धरत नाहीत, आणि आधीचे तर लांबीलाही जास्त असतील. शॉकअप पाटा काढल्यानंतरच मापून आणा.

काम पासिंगच्या किमान पंधरा दिवस आधी संपवा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दर वर्षी होते, तेव्हा पुढच्या वर्षीही हीच धावपळ नको असेल तर आजच्या मापांची नोंद वहीत करून ठेवा: ड्रमचा व्यास, डिस्कची जाडी, ऑइल बदलल्याची तारीख.

मेकॅनिककडून दोन गोष्टी तपासून घ्या. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावायचे, बेअरिंगचे साधे ग्रीस नव्हे, कारण त्याने रबर फुगते आणि पिन अडकते. आणि मागचा ब्रेक ॲडजस्टरवर पूर्ण जुळवल्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणायची. आधी केबल ताणली तर शू अर्धवट उघडे राहतात, वरवर पेडल उंच लागते आणि ड्रम घासून तापत राहतो.

पॅड आणि लायनर नवे असताना सपाट, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोराने ब्रेक दाबावेत, मध्ये थोडे अंतर चालवून निवू द्यावे, असे आठ-दहा वेळा करावे. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये. त्यानंतर पहिले काही दिवस नारायणगावपर्यंतच माल न्या, मग एकदा ॲडजस्टर पुन्हा पाहून घ्या आणि डाव्या ड्रमच्या आत तेल आलेले नाही याची खात्री करा. ते कोरडे असेल तर माळशेजला हरकत नाही.